शेपटाच्या मागे

१

आठवडाभर खुर्चीत बसणारी माणसं रविवारी सायकलवर बसली की त्यांना वाटतं, आता जग जिंकायचं. पाचव्या किलोमीटरला एकजण विचारतो, "अजून किती?" दहाव्याला सगळेच विचारतात. आणि विचारतात कुणाला? मला. कारण मी सगळ्यात मागे, आणि दमलेला माणूस घसरत घसरत मागेच येतो.

मी म्हणजे काडी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथंच राहू दे. अंगानं काडी आणि जाईन तिथं काडी टाकते, म्हणून काडी. नववीत दुसऱ्यांदा आपटले तेव्हा आईनं कपाळाला हात लावला आणि मला मामाकडे पाठवलं. "त्याच्या हाताखाली नीट राहा. परत आलीस तर तिसऱ्यांदा नववी." म्हणजे इकडे मामा, तिकडे नववी. मी मामा घेतला.

मामा लोकांना सायकलवरून फिरवतो. गेटमधून जंगलात शिरायचं, तळ्याला अख्खा वळसा घालायचा आणि जंगलातून त्याच गेटला परत. बेचाळीस किलोमीटर. सायकली अकरा. मामा सगळ्यात पुढे, तो एक नंबर. मधे नऊ पाहुणे. शेवटी मी, अकरा नंबर. मामाच्या भाषेत 'शेपूट'. शेपटाला काम एकच. आपल्या मागे कुणी राहता कामा नये.

गेटवर जंगलखात्याची वही असते. सकाळी अकरा डोकी आत गेली की संध्याकाळी अकरा बाहेर निघायला हवीत. एक जरी कमी भरलं तर मामाचा परवाना गेला आणि आम्ही बाराच्या भावात.

आता वाट इतकी अरुंद आणि वाकडी की पुढच्याला मागचा दिसत नाही. त्यात मामाची मान. कधीतरी सायकलवरून आपटला, तेव्हापासून ती वळतच नाही. मागे बघायचं तर अख्खा मामा वळवावा लागतो, कपाट सरकवल्यासारखा. म्हणून हजेरी. वाटेत ओढ्यांवरच्या सात मोऱ्या लागतात. प्रत्येक मोरीवर मामा चालवता चालवताच ओरडतो, "हजेरी! एक!" त्याच्या मागचा ओरडतो "दोन", मग तीन, असं करत शेवटी मी, "अकरा, शेपूट!"

"डोळे गंडवतात," मामा म्हणतो. "कान नाही गंडवत."

असलं वाक्य माझ्यासमोर बोलायचं असतं का?

२

पहिल्यांदा केलं तेव्हा मजा आली. "अकरा, शेपूट!" म्हटलं, नाक चिमटीत धरलं आणि ऐंशी वर्षांच्या सर्दी झालेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हटलं, "बाऽऽरा."

पुढे ब्रेक असे किंचाळले की झाडावरचे पक्षी उडाले. मामा उतरला, अख्खा वळला, बोटानं मोजायला लागला. अकरा. परत मोजलं. अकरा. मी गरीब गाईसारखी पाणी पीत उभी.

"बारा कोण म्हणालं?"

"मला वाटलं नऊ नंबरनं शिंक दिली," मी म्हटलं.

तीन रविवार चाललं हे. चौथ्यांदा मामा मोजायला थांबलाच नाही. संध्याकाळी शेडमधे मी सायकली धूत होते. तो स्टुलावर येऊन बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काडे, या कानांच्या भरवशावर मी परक्यांची माणसं घरी पोचवतो. हजेरीच खोटी झाली, तर मी कशाच्या भरवशावर जायचं? अजून एकदा बारा ऐकलं तर बॅग भर."

आणि उठून गेला.

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू. शेडवरच्या माळ्यावर माझी खोली होती. खाली रबराचा आणि ग्रीसचा वास, वर एक खिडकी. मामानं मला चेन तोडून जोडायला शिकवलं होतं, डुगडुगत्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करायला शिकवलं होतं. एकदा एका पाहुण्याला म्हणाला होता, "चाक तिच्याकडे द्या, माझ्यापेक्षा तिचा हात चांगलाय." शाळेत दहा वर्षं काढली, पण 'तुझं अमुक चांगलंय' असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मला तिथून जायचं नव्हतं.

म्हणून बारा बंद. कानाला खडा.

३

त्याच्या पुढच्या रविवारी मी इतकी शहाण्यासारखी वागत होते की माझी मलाच किळस येत होती. तिसऱ्या मोरीवर हजेरी आली. दोन, तीन, चार... दहा. मी म्हटलं, "अकरा, शेपूट!"

आणि माझ्या मागून आवाज आला. "बाऽऽरा."

सर्दी झालेला म्हातारा. माझाच. मी बनवलेला, नाक धरून.

पहिल्यांदा मला रागच आला. विनोद माझा, चोरला कुणी? मी सायकल टाकली आणि मागे वळले. वाट रिकामी. पानं, ऊन, सायकलींच्या चाकोऱ्या. झुडपातसुद्धा बघून आले. काटे लागले, बाकी काही मिळालं नाही.

तोवर मामा येऊन उभा राहिला होता.

"आईशप्पथ मामा, मी नाही!"

"तुझ्या शपथा मी पोत्यानं बघितल्यात."

"अरे मागून आला आवाज!"

"तुझ्या मागे कोण असतं, काडे?"

"कोणी नाही."

"झालं तर मग."

मी रात्री पडल्या पडल्या हिशोब लावला. प्रतिध्वनी म्हणावं, तर तळ्याच्या पलीकडे टेकडी आहे, आवाज परत येतो. पण मग परत काय आलं असतं? "अकरा, शेपूट." मी न बोललेलं परत कसं येईल? लाकडं गोळा करणारं कुणी असेल, आधीच्या रविवारी ऐकून ठेवलं असेल. असेल बाबा. आपल्यासारखी कार्टी जगात अजून असतीलच की. पण मागच्या मऊ मातीत पावलाचा एक ठसा नव्हता, आणि वात्रटपणा करायचा तर पाय तरी लागतात.

मामानं मला घालवलं नाही, कारण पुढचा रविवार भरलेला होता आणि शेपूट काही झाडाला लागत नाही. "शेवटची संधी," म्हणाला. हे तो अशा आवाजात म्हणाला की मी उलट उत्तर दिलं नाही. यावरून समजा.

४

पुढच्या दोन रविवारी बारा आलं नाही. मामा खूश. मी नव्हते.

कारण सात नंबर. त्यातल्या दुसऱ्या रविवारी सात नंबरला एक नर्सबाई होत्या, घोगऱ्या आवाजाच्या. पाचव्या मोरीच्या अलीकडे त्यांच्या बुटाची नाडी चाकात गेली, म्हणून त्या थांबल्या. बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं, मी त्यांच्याजवळ थांबले. त्या वाकून नाडी सोडवत होत्या, दातात पाण्याच्या बाटलीचं तोंड धरलेलं. तेवढ्यात पुढून हजेरी सुरू झाली. चार. पाच. सहा.

"सात!"

घोगरा आवाज. पुढून आला, वळणापलीकडून.

नर्सबाईंनी बाटली तोंडातून काढली. "मी बोलले का?"

"तुम्ही बोललात?"

"बोलले असेन." त्या हसल्या. "सवय झाली आता सकाळपासून."

बाटली दातात धरून? मी म्हणणार होते, पण पुढून आठ, नऊ, दहा झालं आणि सगळे माझ्या आकड्यासाठी थांबले. मी म्हटलं, "अकरा, शेपूट." आवाज जरा फाटलाच.

संध्याकाळी मामानं माझ्या पाठीवर थाप मारली. "आज कशी, एकदम घड्याळासारखी झाली हजेरी."

मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, बाटलीसकट. तो ऐकत होता, आणि त्याच्या तोंडावर ते भाव आले जे शाळेत बाईंच्या तोंडावर यायचे, 'गृहपाठ घरी राहिला' म्हटल्यावर.

"आकडा बरोबर आला ना?"

"आला."

"मग तुझं दुखणं काय?"

दुखणं हेच होतं. आधी ते आकडा वाढवत होतं. आता ज्याची जागा रिकामी, त्याच्या नावानं हजेरी भरत होतं. हे मामाला कसं समजावायचं? जन्मात एकदा खरं बोलायला जावं, आणि तोंड आपलं असावं.

५

त्यानंतरच्या रविवारी ते नवराबायको आले. काका पोस्टातून निवृत्त झालेले. काकू म्हणजे त्यांच्यावर नेमलेली कायमची अधिकारी.

"अहो, टोपी सरळ करा."

"सरळच आहे."

"मग डोकं वाकडं आहे."

काकू नऊ नंबर, काका दहा, मागे मी. म्हणजे दिवसभर मला या दोघांचा रेडिओ ऐकायचा. काकांच्या पुढच्या चाकाचा टायर झिजलेला दिसला, म्हणून सकाळी मी नवा चढवला. चौकडीच्या नक्षीचा, शेडमधे तसा एकच होता. काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पार्सलावर मोहोर मारल्यासारखी उमटेल हं ही जमिनीवर."

"तुम्ही जिथं जाल तिथं छापून येईल, काका."

"म्हणजे हिला पत्ता लागायला बरं."

"तुमचा पत्ता मला काय करायचाय?" काकू पुढून म्हणाली. "हरवा बघू एकदाचे."

मामा चाक घालत होता, त्यानं मान वर न करता सांगितलं, "काकू, जंगलात जाताना असं बोलू नये. वहीत अकरा लिहिलेत."

दुपारपर्यंत सगळं ठीक. तळ्याच्या पलीकडच्या काठावर जेवलो, पाणी भरलं. काका दर अर्ध्या किलोमीटरला थांबून एखाद्या पक्ष्याकडे बघायचे. पक्षी त्यांच्याकडे बघायचा, मी दोघांकडे बघून दात खायचे. तीन वाजून गेले होते. पाचला गेट बंद.

"काका, पक्षी पुढच्या रविवारी पण असतो."

"मी असेन का पण?" म्हणाले आणि हसत निघाले.

६

सहाव्या मोरीच्या अलीकडे माझी चेन उतरली. दोन मिनिटांचं काम. काका वळणामागे गेले, त्यांची निळी टोपी झाडांत दिसेनाशी झाली. मी चेन बसवली, हात पँटला पुसले, तेवढ्यात पुढून हजेरी.

"...आठ!" "नऊ!" ही काकू. "दहा!" हे काका, चिरका आवाज, शेवटी किंचित खोकला.

"अकरा, शेपूट!"

मी जोरात पेडल मारत मोरीपाशी पोचले. तिथं बारा महिने पाणी झिरपतं. चिखलाचा पट्टा असतो आणि त्यातून गेल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी सवयीनं खाली बघितलं. टायरच्या रेघांवर रेघा. साध्या रेघा. चौकडी नाही.

मी उतरले. उकिडवी बसून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौकडी नाहीच.

काका इथून गेलेच नव्हते.

मग त्या वळणापलीकडे, मोरीच्या अलीकडे, उजवीकडे पाण्याकडे उतरणारी जुनी पायवाट... काका पक्षी बघायला तिकडे वळले असणार. आणि पाणी तिथं खोल आहे.

मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "मामा, थांब! दहा नंबर नाहीये!"

पुढून उताराच्या बाजूनं मामाचा आवाज आला, लांब जात असलेला. "दहा बोलला, अकरा बोलली! पुरे झाला चावटपणा, पाचला गेट आहे!"

"अरे खरंच नाहीयेत! काकू! काकू, मागे बघा ना!"

"काय बघू?" काकूचा आवाज. "माझ्या मागेच आहेत. धापा ऐकू येतायत मला त्यांच्या."

मी तिथंच उभी. सायकल हातात. त्यांना गाठायचं म्हणजे दहा मिनिटं. मामाला थांबवायचं, कपाट वळवायचं, बोटं मोजायला लावायची. आणि त्या दहा मिनिटांत काका पाण्यात असले तर? शिव्या पडणार होत्याच, बॅग भरायची होतीच. शेपटाला काम एकच.

मी सायकल उलटी फिरवली.

पाच-सहा पेडल मारले असतील. मागून, म्हणजे मी जिथून आले तिथून, मोरीजवळून, "अकरा, शेपूट!" ऐकू आलं. शेवटचं 'ट' मी जरा तोडून म्हणते. तसंच, तोडून.

हजेरी कुणी मागितलीच नव्हती.

मी मागे बघितलं नाही. इतकी अक्कल मला आहे.

७

काका पायवाटेच्या टोकाला एका दगडावर बसले होते, एक बूट काढून. सायकल पालथी घातलेली, चेन चाकात अडकलेली, दोन्ही हात काळेकुट्ट.

"आलीस का? मी दुरुस्त करायला गेलो आणि अजून बिघडवली."

मला रडू आलं आणि त्यांना मारावंसंही वाटलं. "काका, ओरडायचं नाही का!"

"ओरडणार होतो की! हजेरी आली तेव्हा 'दहा' म्हणणारच होतो. पण माझ्याआधी कुणीतरी म्हणालं." त्यांनी बोटं गवताला पुसली. "मला वाटलं, नंबर बदलले असतील. पोस्टात असं व्हायचं. एकाच नंबरची दोन घरं."

मी चेन सोडवायला बसले. त्या जागी तळ्याचा एक फाटा आत घुसलाय. समोरचा काठ शे-दीडशे पावलांवर, पण मधे पाणी. वाट त्या फाट्याला वळसा घालून समोरच्या चढावर निघते. त्यामुळे थोड्या वेळानं ते सगळे समोर दिसायला लागले. झाडांतून एकेक बाहेर येत होते, चढ चढत होते. मी हात वर करून ओरडणार होते. मग मोजलं. आधी मोजलं. सवय.

मामा. मग दोन, तीन. सगळे उभे राहून पेडल मारत होते, चढच तसा आहे, पोटऱ्या फाटतात. काकूची पिवळी ओढणी, नऊ.

तिच्या मागे निळी टोपी.

तिच्या मागे नारिंगी जाकीट.

मी माझ्या अंगाकडे बघितलं. नारिंगी जाकीट माझ्या अंगात होतं. काकांनी डोक्याला हात लावला. टोपी होती.

"ते कोण?" काका म्हणाले.

मी पाय बघत होते. शेवटच्या दोघांचे पाय हलत नव्हते. एवढा चढ, पेडलवर पाय ठेवलेले, स्तब्ध, आणि सायकली वर जात होत्या. कुणी दोरीनं ओढल्यासारख्याही नाही. नुसत्या जात होत्या, बाकीच्यांच्याच वेगानं.

पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. मामा ओरडला, "हजेरी! एक!" सगळे आकडे आले. "नऊ!" काकू. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले.

"दहा!" खोकला.

"माझा आवाज इतका चिरका आहे?" काका हळूच म्हणाले.

"अकरा, शेपूट!"

काकू मागे वळून काहीतरी बोलली. निळ्या टोपीनं लगेच मान डोलावली.

काका उठून उभे राहिले. एका पायात बूट नाही. त्यांचा चेहरा तेव्हा उतरला, त्याआधी नाही. "तिच्या बोलण्याला मी इतक्या लगेच मान कधी डोलावत नाही," ते म्हणाले. "तिला कळायला पाहिजे गं. चाळीस वर्षं झाली. एवढं तरी कळायला पाहिजे."

मग आम्ही ओरडलो. दोघंही. घसे बसेपर्यंत. समोर कुणी वळलं नाही. फक्त झाडांत शिरता शिरता शेवटच्यानं, नारिंगीनं, आमच्याकडे तोंड फिरवलं. चेहरा दिसला नाही. लांब होतं म्हणून दिसला नाही. एवढं मी मनाशी ठरवून टाकलंय, त्यात बदल करायचा नाही.

८

गेटवर पोचलो तेव्हा साडेपाच होत आले होते. उजेड होता. गेटवाल्याची खोपटी म्हणजे एक टेबल, एक वही, भिंतीवर किल्ल्या आणि पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. गेटवाला मला दर रविवारी बघतो. मला बघून त्यानं पेन खाली ठेवलं.

"काय गं? आत्ता अर्ध्या तासापूर्वी टाटा करून गेलीस ना? परत आत कुठून घुसलीस?"

"दादा, मी बाहेर गेलेच नाही."

"असं का! आणि या काकांना कशाला वेठीला धरलंस? काका, आत्ताच तर बायकोबरोबर गाडीत बसून गेलात."

"गाडीत?" काका म्हणाले. "पुढच्या सीटवर?"

"मग काय टपावर?"

काका बाकावर बसले.

गेटवाल्यानं वही माझ्यासमोर आपटली. "हे बघ. अकरा आत, अकरा बाहेर, खाली सही. मी आता काय लिहू? तेरा बाहेर? साहेब विचारतील, दोन काय झाडाला लागली? तुझी थट्टा होते, काडे, आमची नोकरी जाते."

"मामाला फोन लावा. एवढंच करा. लावा ना, दादा."

माझा फोन शेडमधल्या खणात होता. मामा सहलीत तो घेऊ देत नाही. काकांचा काकूच्या पिशवीत. गेटवाल्यानं बडबडत आपल्या फोनवरून नंबर लावला आणि मला दिला.

"हां, बोला गेटवाले," मामा म्हणाला.

त्याचा आवाज ऐकला आणि मी फोन दोन्ही हातांनी धरला. "मामा, मी काडी. मी गेटवर आहे. काका पण आहेत. मामा, मी मागे राहिले."

मामाच्या मागे शेडचा आवाज येत होता. नळ चालू. बादली. आणि चेनवर ब्रश घासल्याचा आवाज, खर्र खर्र, थांबून, परत खर्र. तीनदा घासायचं आणि पेडल एक घर फिरवायचं. मी तसंच धुते.

"कोण बोलतंय?" मामा म्हणाला. चिडला नव्हता. नुसता दमलेला होता. "हे बघ बाळा, तू जी कोण असशील ती. आमची काडी इथं समोर बसून सायकली धुतेय."

"ती मी नाही! मामा, सायकली मोज. मोज ना रे!"

"मोजल्या. अकरा."

खोपटीच्या दारातून मला बाहेर दोन सायकली दिसत होत्या, भिंतीला टेकवलेल्या. एकीच्या पुढच्या टायरला चौकडी होती, चिखलानं भरलेली.

"मामा, तू ऊठ. तिच्यासमोर जाऊन नीट बघ. मामा, ऐक माझं, या वेळेला फक्त—"

"काडे," मामा म्हणाला, मला नाही, फोन बाजूला धरून. "कुणीतरी तुझी नक्कल करतंय बघ. अगदी हुबेहूब. तुला भेटलं गं तुझ्या जातीचं."

ब्रश थांबला. नळ बंद झाला. ओल्या चपलांचा आवाज जवळ आला, फटक, फटक. मी कान दाबून धरला होता. शिव्या तयार ठेवल्या होत्या, माझ्याकडे साठा भरपूर आहे.

पण ते फोनवर आलंच नाही. मामाच्या कानाशी वाकून काहीतरी बोललं. हळू, चार-पाच शब्द. मला कळले नाहीत.

आणि मामा हसला. आधी नाकातून, मग पोटातून, खदाखदा, खोकला येईपर्यंत. चार महिने मी त्या घरात होते. नकला केल्या, उलटी चड्डी डोक्यावर घालून नाचले, काय काय केलं. तो माणूस कधी ओठ विलगून हसला नव्हता. मला वाटायचं, मानेबरोबर तेही आखडलंय. मला तो आवाज असतो हेच माहीत नव्हतं.

फोन बंद झाला.

गेटवाल्यानं हात पुढे केला आणि फोन घेतला. "काय म्हणाला?"

"हसला," मी म्हटलं.